आगीसाठी राखलेलं पाणी

वफ्रा,
रविवार, ६ जुलै २०२५

चि. सुनूस, सखादादाचा आशीर्वाद.

तू दर वेळी निरोप पाठवतेस की फोन कर. फोन करून काय गो उपयोग? बारा वर्षं पंपाशेजारी झोपलो, आता कानात नुसता पंपच वाजतो. तू तिकडून काय बोलतेस ते दहा जण ऐकतात आणि मला ओरडून सांगतात. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. उस्मान एक दिवसाआड आमच्या रांगेतल्या सगळ्या शेतांची, मझऱ्यांची अंडी घेऊन शहरात सालमियाला येतो, तुझ्या इमारतीखालच्या दुकानात माल टाकतो. त्याच्याकडे देत जाऊ.

आता कामाचं. आमच्या शेतावरचा बोअरचा पंप मंगळवारी जळाला. नवा बाहेरून यायचा आहे म्हणतात. तोवर पाणी टँकरचं, आणि टँकर नाही. जुन्या टँकरवाल्याचा करार संपला, नव्या कराराला मालकांची सही लागते आणि मालक उन्हाळ्यासाठी देशाबाहेर. इम्तियाजभाई, आमचे मॅनेजर, तुमच्या ऑफिसला फोन करून थकले. परवा आम्ही दोघं हमरस्त्यावर उभं राहून टँकर अडवत होतो. सगळे आधीच कुणा ना कुणाला बांधलेले. एकाने तर थांबून वर आमच्याकडेच पाणी मागितलं.

तू म्हणशील, मग हौद आहे की. हौद आहे, काठोकाठ भरलेला आहे, आणि त्याची चावी माझ्या कमरेला आहे. पण ते पाणी आगीचं. इथे वाळवंटात रस्त्याला बंबासाठी नळ नाही. बंब येतो लांबून आणि पोटात मावेल तेवढंच पाणी घेऊन येतो. ते संपलं की बंब म्हणजे नुसती लाल गाडी. आमच्या पत्र्याच्या खोल्या, त्यांना चिकटून बकऱ्यांचा वाडा, वाड्याला चिकटून चाऱ्याच्या गंजी. तपासणीला आलेल्या साहेबाने हौदाला लाल पाइप बसवायला लावला आणि मला बजावलं, ह्यातलं पाणी कशालाही वापरायचं नाही. मी मान हलवली. मान हलवताना वाड्यात बकऱ्या ओरडत नव्हत्या.

तू मालकांच्या ऑफिसात हिशेब बघतेस. सहीचं तुझ्याकडून काही होतं का ते बघ. गावी तुझ्या वहिनीला, रत्नमालेला, यातलं काही कळवू नकोस. तिला मी मजेत असल्याचं लिहिलंय.

तुझा,
सखादादा


सालमिया,
मंगळवार, ८ जुलै

ति. सखादादास, सुनेत्राचा नमस्कार.

चिठ्ठी मिळाली, अंड्याचा बलक लागून मिळाली. इकडे सगळं ठीक. अरुणकुमारना बँकेत ऑडिटची धावपळ, आर्या सुट्टी असून घरात नसते. काल तिला म्हटलं, सखामामाकडे पाणी नाहीये. तर म्हणाली, "बट दे आर फार्मर्स, दे मस्ट हॅव वॉटर." मी कपाळाला हात लावला.

मी आज मालकांच्या सेक्रेटरीकडे दोनदा जाऊन आले. ती भली बाई आहे, पण "इन्शाल्ला" म्हणाली की पुढे काही विचारताच येत नाही. सही मागवली आहे असं सांगते. कागद माझ्यासमोर स्कॅन करून पाठवला, एवढं नक्की. होईल दादा, दोन दिवस कळ काढ.

तू उन्हात त्या रस्त्यावर उभा राहू नकोस. साठीला आलायस, कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. उस्मानबरोबर बेसनाचे लाडू पाठवलेत. वाटेत त्याने खाल्ले नाहीत तर मिळतील.

तुझी,
सुनू


वफ्रा,
गुरुवार, १० जुलै

चि. सुनू,

लाडू मिळाले. त्याने दोनच खाल्ले, तसं कबूल केलंन.

दोन दिवस झाले. माणसांना पिण्याचे कॅन दुकानातून येतात, तेवढ्यात आमचं चालतं. बकऱ्यांना इम्तियाजभाईंनी काल शेजारच्या मझऱ्यातून चार पिंपं आणून घातली. आज शेजाऱ्याने हात जोडले. त्याचीही जनावरं आहेत, त्याला काय बोलायचं.

तल्हाबद्दल तुला मागे सांगितलं होतं ना, बकऱ्या राखणारा, कटिहारकडचा. तिशीचा गडी, पण बकऱ्यांची नावं ठेवतो आणि त्यांच्याशी भांडतो. एकीने त्याची चप्पल खाल्ली तर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तो काल माझ्या खाटेशी येऊन बसला. म्हणाला, "चाचा, आग तो लगी नहीं है. प्यास लगी है." मी म्हटलं, आग सांगून लागत नाही. तो म्हणाला, "और ये सब सामने मर रहे हैं." मी चावी उशाखाली घातली आणि भिंतीकडे तोंड केलं. कान गेले म्हणून देवाचे आभार मानत होतो, तर बकऱ्यांचं ओरडणं तेवढं बरोबर ऐकू येतं.

आज सकाळी दोन पिल्लं मेली. तल्हाने ती माझ्या दारात आणून ठेवली नाहीत, हे त्याचे उपकार. गुपचूप पुरून आला.

सुनू, मला नीट सांग. टँकर येणार असेल तर कधी येणार. एकदा दिवस कळला की माणूस त्या दिवसापर्यंत काहीतरी करतो. दिवसच नसला तर काय करायचं ते मला समजत नाही.

सखादादा


सालमिया,
शनिवार, १२ जुलै

ति. सखादादास,

तुझी चिठ्ठी वाचली. पण आता बातमी चांगली आहे. टँकर ठरला. सोमवारी सकाळी तुमच्या गेटवर येतो. तू गेटपाशी थांब, नाहीतर ड्रायव्हर त्या सारख्या दिसणाऱ्या मझऱ्यांमधून भलत्याच ठिकाणी जायचा.

आता दोन दिवस शांत झोप. तल्हालाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. अरुणकुमार तुझी आठवण काढतात. पुढच्या महिन्यात तुला सालमियाला आणायचं आणि समुद्रावर बसवायचं असं ठरलंय.

घाईत आहे, उस्मान खाली हॉर्न वाजवतोय.

सुनू


वफ्रा,
रविवार, १३ जुलै

चि. सुनू,

तुझी चिठ्ठी मी इम्तियाजभाईंना वाचून दाखवली, तल्हाला दाखवली, आणि मग खाटेवर बसून स्वतःसाठी परत वाचली. सोमवार म्हणजे उद्या.

आज संध्याकाळी मी हौद उघडला.

एका रात्रीचा प्रश्न. उद्या टँकर आला की हौद पहिला भरायचा, असं इम्तियाजभाईंशी बोलून ठरवलं. थोडंच सोडणार होतो. पण तू बघायला हवं होतंस गो. पाणी पन्हाळीत आलं आणि बकऱ्या एकमेकींवर चढल्या. मागे राहिलेल्यांना मिळेना म्हणून आणखी सोडलं. तल्हाने पिल्लांना उचलून उचलून तोंडं पाण्याला लावली. मग तो स्वतः पन्हाळीत डोकं घालून बसला आणि रडायला लागला. मी त्याला शिव्या दिल्या, म्हटलं, रडून पाणी खारं करू नकोस.

हौद तळाला गेलाय. मन थोडं खातं आहे. पण इतक्या दिवसांनी वाड्यात आवाज नाही. सगळी जनावरं बसून रवंथ करतायत आणि तल्हा त्यांच्या मध्ये झोपलाय.

उद्या उजाडल्यापासून गेटवर बसतो. तुझे उपकार मानत नाही, तुला ते आवडत नाही. आई असती तर तुझी दृष्ट काढली असतीन.

सखादादा


सालमिया,
मंगळवार, १५ जुलै

सखादादा,

काल दुपारी ऑफिसात इम्तियाजभाईंचा फोन आला. मी शेजारच्या टेबलावर होते. "आग" एवढाच शब्द मला ऐकू आला. मग कुणीतरी म्हणालं, पंपवाला म्हातारा ठीक आहे. तू ठीक आहेस ना? हाताला, पायाला काही झालं नाही ना? उस्मानला सांगितलंय की तुला डोळ्यांनी बघूनच मला सांग.

तुझं रविवारचं पत्र आज सकाळी मिळालं. सगळं होऊन गेल्यावर.

तल्हाला इथल्या हॉस्पिटलात आणलंय. मी आणि अरुणकुमार रात्री जाऊन आलो. काळजी करू नकोस. डॉक्टर चांगले आहेत.

टँकरचं मी विचारते.

सुनू


वफ्रा,
गुरुवार, १७ जुलै

चि. सुनू,

मला काही झालेलं नाही. मी तिथे नव्हतोच. मी गेटवर होतो.

उजाडल्यापासून बसलो होतो. सकाळ गेली, टँकर नाही. दुपारी उन्हात काम करायला बंदी असते, म्हणून सगळे खोल्यांत झोपलेले. शमालचा वाळूचा वारा सुटला होता, डोळे उघडवत नव्हते. मला वाटलं ड्रायव्हर वाळूमुळे थांबला असेल. पाठीमागे काय चाललंय ते मला ऐकू आलं नाही. धुराचा वास आला तोवर दोन गंजी पेटल्या होत्या. कशाने पेटल्या ते अजून कुणाला माहीत नाही.

मी धावलो. माझं धावणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. इम्तियाजभाईंनी दारं बडवून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. आमच्याकडे काजूच्या बागेत वणवा शिरला की आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपतो, तसं मी करायला गेलो. इथे हिरवी डहाळी कुठे? वाळू फेकली. फावड्यागणिक वाळू वाऱ्याने परत आमच्याच तोंडावर. तल्हाने वाड्याचं फाटक उघडलं, पण भ्यालेल्या बकऱ्या बाहेर येईनात, उलट कोपऱ्यात गर्दी करून उभ्या राहिल्या. त्याने पाच-सहा ओढून आणल्या. परत आत गेला, आणखी आणल्या. मी त्याचा सदरा धरला होता. सदरा माझ्या हातात राहिला.

रस्त्यावर धूळ दिसली. मला वाटलं टँकर आला. तो बंब होता. पोरं चांगली होती, उतरता उतरता पाणी मारायला लागली. त्यांनीच तल्हाला बाहेर आणलं. मग त्यांचं पाणी संपलं आणि एकाने लाल पाइपाला आपला पाइप जोडला, माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि कॉक फिरवला. आतून हवा आली, थोडा गाळ आला. त्याने कॉक परत फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. सुनू, ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसरा बंब येईपर्यंत वाडा गेला, खोल्या गेल्या. तल्हाने बाहेर काढल्या तेवढ्याच बकऱ्या उरल्या आहेत. आम्ही तंबूत आहोत. चौकशीच्या साहेबाला मी सांगितलं, चावी माझ्याकडे होती, हौद मी उघडला. टँकर येणार होता असं म्हणालो नाही. त्याने काय होणार होतं? आणि तुझं नाव मध्ये आलं असतं. टँकरवाल्याने तुला फसवलं, त्यात तुझा काय दोष.

तल्हाचं मला नीट लिही. त्याच्या आईला, हफिजाबाईंना, इम्तियाजभाईंनी नुसतं लागलंय एवढंच सांगितलंय. सोबत खजुराची पिशवी आहे. शेतावरचा पहिला पिकलेला. त्याला दे. म्हणावं, चाचाने पाठवलाय आणि चाचाला माफ कर.

सखादादा


सालमिया,
शनिवार, १९ जुलै

ति. सखादादास,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं.

टँकरवाल्याने फसवलं नाही. टँकर ठरलाच नव्हता. शनिवारी सकाळी मी सेक्रेटरीकडे परत गेले, ती म्हणाली, सोमवारपर्यंत सही येईल, इन्शाल्ला. मी घरी आले, तुझी चिठ्ठी परत वाचली, ती पिल्लं, तुझं भिंतीकडे तोंड करणं. मला वाटलं तुला धीर यावा. दोन रात्री तरी झोपशील. सही आली की टँकर मंगळवारी नाहीतर बुधवारी येईलच, एक-दोन दिवस इकडेतिकडे. तू हौद उघडशील हे माझ्या मनातही आलं नाही. मी तुला ओळखते असं समजत होते.

आपल्या घरात असंच चालतं ना दादा? मामा, तुझे वडील, अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही मला इथे लिहीत होता की किरकोळ ताप आहे. कुणी कुणाला खरं कळवत नाही, आणि त्याला आपण माया म्हणतो. मीही तेच केलं. मला शिक्षा दे, बोलू नकोस, काहीही कर. तुझ्या जागी साहेबासमोर मी उभी राहायला हवी होते.

तल्हा बरा आहे. हळूहळू सुधारतोय. खजूर मी स्वतः नेऊन दिले, एक खाल्लान. तुझं नाव घेतलं तर हसला. तेवढं तरी ओझं मनावरून काढून टाक.

सुनू


वफ्रा,
बुधवार, २३ जुलै

सुनेत्रा,

सोमवारी उस्मान तुझं पत्र देऊन माझ्यासमोर थांबेना. एरवी चहा घेतल्याशिवाय जात नाही. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. विचारलं, तल्हा कैसा है. तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत बसला.

तल्हा मागच्या बुधवारीच गेला. तुझं पत्र शनिवारचं आहे. त्यात तो खजूर खातो आणि हसतो.

तू टँकरचं खोटं लिहिलंस ते वाचून मी रात्रभर तुझ्या बाजूने स्वतःशी भांडलो. चावी माझी होती, हात माझा होता. तेवढं मी गिळलं असतं. पण त्याच कागदावर, त्याच शाईने, त्याच्याखाली दुसरं लिहिलंस? मी इथे तंबूत सगळ्यांना सांगत होतो, तल्हाने खजूर खाल्ला. इम्तियाजभाईंनी ते ऐकलं आणि बाहेर निघून गेले. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच त्याच्यासाठी चप्पल बाजूला काढून ठेवत होतो.

मला राग आहे आणि मी तो लपवणार नाही. पण राग फक्त तुझ्यावर नाही. मी बारा वर्षं रत्नमालेला मजेत आहे असं लिहितो. काल तिला सगळं लिहिलं. आग, हौद, तल्हा. ती रडेल, पण कुणासाठी रडतेय ते तिला माहीत असेल.

आता ऐक. आगीनंतर एकच टँकर आला, सरकारने पाठवलेला, तो त्यांच्या माणसासमोर सगळा हौदात ओतला, झाकणाला नवं कुलूप. माणसं इथे राहणार तर हौद भरलेला पाहिजे, नाहीतर आम्हाला इथून उठवतील. बरोबर आहे त्यांचं. पण तल्हाच्या बकऱ्यांना पाणी नाही. आमच्या कॅनमधलं देतो, त्याने त्यांची तहान फक्त जागी होते. अंग भाजलेलं आहे, त्यामुळे शेजारी कुणी घेत नाही. दिवसभर त्या हौदाच्या भिंतीला अंग लावून उभ्या असतात, भिंत गार लागते म्हणून. कुलुपाची चावी परत माझ्याकडेच दिलीय. दुसरं कुणी घ्यायला तयार नाही.

इम्तियाजभाई म्हणतात, ह्या आठवड्यात टँकर येणार असेल तर कसंतरी जगवू. येणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी खाटीक बोलवायचा, तडफडत तरी मरू नयेत. मी त्यांना म्हटलं, सुनूला विचारतो.

म्हणून विचारतोय. तुला दुसऱ्या कुणी काय सांगितलं ते नको, मला बरं वाटेल ते नको. असेल तर आहे म्हण. नसेल तर नाही म्हण. मला धीर देऊ नकोस.

सखाराम


सालमिया,
शुक्रवार, २५ जुलै, सकाळ

सखादादा,

टँकर नाही. ह्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. मालक ऑगस्टच्या अखेरीस येतील, त्याआधी सही होणार नाही, हे सेक्रेटरीने काल माझ्या तोंडावर सांगितलं. नवा पंप अजून बंदरातून सुटलेला नाही.

काल अरुणकुमारना घेऊन मी अम्गराला गेले. तिथल्या यार्डांत टँकर उभे असतात. एक जण हो म्हणाला. मी गाडीतच तुला लिहायला घेतलं. अर्ध्या तासाने तो नाही म्हणाला. ती चिठ्ठी मी फाडून टाकली.

तल्हाला मी आगीच्या रात्री पाहिलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. खजूर त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत, ते आमच्या फ्रिजमध्ये आहेत. त्याने तुझं नाव घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही.

काल मी हफिजाबाईंशी फोनवर बोलले. त्यांनी विचारलं, बहुत तकलीफ हुई क्या. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, सब कहते हैं नहीं हुई. आणि मग त्या मला एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. तू हौद कुणाच्या भरवशावर उघडलास तेही सांगितलं. चौकशीच्या साहेबालाही रविवारी जाऊन तेच सांगणार आहे. त्याने माझी नोकरी राहील की नाही, मला माहीत नाही.

उस्मान खाली थांबलाय. आज त्याला दुपारच्या आत पोचायला सांगितलंय.

खाटीक बोलवा. हौद उघडू नकोस.

सुनू